सहआरोपीला कमी शिक्षा झाली? शिक्षेपुरतं अपील कसं करायचं

गुन्हा एकच, खटला एकच, भूमिकाही जवळपास सारखीच. तरी एकाला 3 वर्षं आणि दुसऱ्याला 7. अशा वेळी दोषसिद्धी (दोषी ठरवल्याचा निर्णय) मान्य ठेवून फक्त शिक्षेच्या मुद्द्यावर अपील करता येतं. गुन्हा कबूल केलेल्या आरोपीलाही शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरता बहुतेक वेळा हा मार्ग खुला असतो.

न्यायदंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात. सत्र न्यायालयाने दिली असेल, किंवा शिक्षा 7 वर्षांहून जास्त असेल, तर उच्च न्यायालयात. मुदत सत्र न्यायालयासाठी 30 दिवस, उच्च न्यायालयासाठी 60. फाशीच्या शिक्षेत मात्र उच्च न्यायालयासाठीही 30च. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात. त्यानंतरही उशीर झाला, तर विलंब माफीचा अर्ज आणि कारण सांगणारं शपथपत्र जोडायचं.

किरकोळ शिक्षेवर अपील नसतं. सत्र न्यायालयाने 3 महिन्यांपर्यंतच कैद दिली असेल, तर एरवी दार बंद. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 421 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 380) फारसं कुणी सांगत नाही: एकाच खटल्यात अनेकांना शिक्षा झाली आणि त्यातल्या एकाला जरी अपील करता येत असेल, तरी बाकी सगळ्यांनाही तो हक्क मिळतो.

कागदपत्रांत अपील मेमो (अपिलाची कारणं मांडणारा मूळ अर्ज), निकालाची प्रमाणित प्रत आणि वकीलपत्र हे नेहमीचंच. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची एक प्रत लगेच आणि मोफत मिळते, त्यासाठी कुणाला चहापाणी द्यायची गरज नाही. किती दिवस आत काढले याचा तुरुंगातला दाखला आणि दंड भरला असेल तर पावतीही लावा. सहआरोपीचा खटला वेगळा चालला असेल, तर त्याचा निकाल आणि शिक्षेचा आदेश स्वतंत्र काढून जोडा. हा कागद बहुतेक जण विसरतात आणि मग नुसतं ‘त्याला कमी, मला जास्त’ एवढंच म्हणत उभे राहतात. कुणाच्या हातात काय होतं, कोणत्या साक्षीदाराने कुणाबद्दल काय सांगितलं, वय, आधीचे गुन्हे, असा दोघांचा तक्ता मेमोतच द्यावा.

कारण समानता आपोआप मिळत नाही. आधीचे गुन्हे असतील किंवा वार तुमच्या हातून झाला असेल, तर फरक योग्यच ठरतो. माफीच्या साक्षीदाराशी तुलना टिकत नाही. कायद्याने किमान शिक्षा ठरवली असेल तर त्याखाली जाता येत नाही. सहआरोपीला चुकून कमी मिळाली असेल, तर तीच चूक तुमच्यासाठी पुन्हा करा, असंही म्हणता येत नाही.

आरोपी तुरुंगात असेल तर अपिलाचा अर्ज तुरुंग अधीक्षकांकडे द्यायचा, ते तो कोर्टात पाठवतात. कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. शिक्षा स्थगित करून जामीन मागायचा अर्ज याच संहितेच्या कलम 430 खाली, अपिलासोबतच. शिक्षा 3 वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील दाखल करेपर्यंतचा जामीन शिक्षा देणारं कोर्टच साधारणपणे देतं. अपील केलं म्हणून त्याच अपिलात शिक्षा वाढत नाही. सरकारने वाढीसाठी वेगळं अपील केलं तर गोष्ट निराळी.

सहआरोपीची शिक्षा वरच्या कोर्टात कमी झाली, तर तो निकाल ताबडतोब आपल्या अपिलात दाखल करा. हरबन्स सिंग प्रकरणात तिघांना एकाच गुन्ह्यासाठी फाशी झाली होती आणि तिघांचे अर्ज वेगवेगळे चालले. एकाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली, दुसरा 6 ऑक्टोबर 1981 रोजी फासावर गेला. तिसऱ्याची फाशी थांबली आणि 1982 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने त्याची शिक्षा कमी करण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली. 2023 मध्ये जावेद शौकत अली कुरेशी प्रकरणात तर न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने, पुरावा सारखाच असल्याने, समोर अपील नसलेल्या सहआरोपीलाही निर्दोष सोडलं. पण त्या भरवशावर आपली मुदत घालवू नका.