एक्सपी मोजायचे की टप्प्यावर लेव्हल द्यायची: एका वादाची पार्श्वभूमी

इंदूरच्या आमच्या मराठी खेळगटात डन्जन्स अँड ड्रॅगन्स या काल्पनिक पात्रांच्या भूमिका-खेळाची नवी मोहीम सुरू होण्याआधी एक वाद हमखास होतो: पात्रांची लेव्हल (ताकदीची पायरी) अनुभवगुण, म्हणजे एक्सपी, मोजून वाढवायची, की कथेतला टप्पा पार पडला की डीएमने, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणाऱ्याने, ती जाहीर करायची. 

1974 मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स प्रथम छापले गेले, तेव्हा एका सुवर्णमुद्रेला एक एक्सपी असा सरळ हिशेब होता, त्यामुळे राक्षसाशी न भिडता त्याचा खजिना लांबवणे हेच शहाणपणाचे ठरे. तक्तेही वेगवेगळे होते. दुसऱ्या लेव्हलसाठी योद्ध्याला 2,000, तर जादूगाराला 2,500 एक्सपी लागत. 1989 च्या आवृत्तीने खजिन्याचे गुण ऐच्छिक केले आणि पुढे ते मागेच पडले.

2000 च्या आवृत्तीत योद्धा, जादूगार अशा सर्व पात्र-वर्गांना एकच तक्ता आला आणि तुल्यबळ अशा साधारण 13 चकमकींमागे एक लेव्हल असे गणित बसवले गेले. तिची खरी गंमत म्हणजे एक्सपी खर्चही होत: जादूची वस्तू घडवणाऱ्याला तिच्या किमतीच्या पंचविसाव्या भागाइतके स्वतःचे एक्सपी मोजावे लागत. 2,000 सुवर्णमुद्रांची जादू तलवारीत उतरवायची तर 80 एक्सपी गेलेच. पुष्कळांना हे जाचक वाटे, तरी इतका चोख नियम पुन्हा झाला नाही. 2008 मध्ये तो गेला.

सध्याच्या वादाचे मूळ 2014 मध्ये आहे. डीएमसाठीच्या पुस्तकात त्या वर्षी एक्सपी अजिबात न मोजण्याची मुभा स्पष्टपणे छापली गेली: पहिल्या बैठकीनंतर दुसरी लेव्हल, आणखी एका बैठकीनंतर तिसरी, पुढच्या दोन बैठकींनंतर चौथी, किंवा कथेतले मोठे उद्दिष्ट साधले की सर्वांना एकदमच. मोजणीची बाजू किती कंटाळवाणी होऊ शकते, हे तक्त्यावरून दिसते. गॉब्लिन या किरकोळ राक्षसाचे प्रत्येकी 50 एक्सपी आणि दुसऱ्या लेव्हलसाठी प्रत्येकी 300, म्हणजे चौघांच्या तुकडीने केवळ गॉब्लिन मारून तेथवर जायचे तर 24 गॉब्लिन लागतात. शिवाय रंगपंचमीची गेर (मिरवणूक), परीक्षा किंवा नोकरीतली पाळी यांमुळे कोणी गैरहजर राहिले, तर मोजणीत त्याचे पात्र मागे पडते. त्याच पुस्तकात ही अडचण मान्य करून डीएमला सर्वांना समान गुण देण्याची मोकळीक दिली आहे. टप्प्याच्या पद्धतीत हा प्रश्न मिटतो आणि डीएमची हिशेबाची वहीही बंद होते.

मात्र त्याबरोबर खेळाडूच्या हातातले एक साधन जाते, याचा उल्लेख टप्प्याचे समर्थक क्वचितच करतात. कुठला धोका पत्करल्यास किती लाभ होईल, हे पूर्वी खेळाडूला स्वतः ताडता येई. आता डीएमने मनाशी आखलेला टप्पा कोणता, याचा अंदाज बांधत बसावे लागते, आणि आडवाटेला जाऊन एखादी गुहा धुंडाळणाऱ्या तुकडीच्या पदरी काहीच पडत नाही.

वास्तविक त्याच पुस्तकात आणखी एक वाट आहे: मोजणी चालू ठेवायची, पण महत्त्वाचा टप्पा गाठल्यास अवघड चकमकीइतके आणि किरकोळ टप्प्यास सोप्या चकमकीइतके एक्सपी द्यायचे. टेबलावरच्या वादात ही तरतूद फारशी कोणी उघडून दाखवत नाही.