‘वाताशी दाके’: जपानी प्रेमभंगगीतांतली ती कोण?

प्रेमभंगाला जपानीत ‘शित्सुरेन’ म्हणतात. पहिल्या चित्राक्षराचा अर्थ गमावणं, दुसऱ्याचा प्रेम. खास बायकांसाठी काढलेल्या शित्सुरेन गाण्यांच्या याद्या आज पायऱ्यापायऱ्यांनी लावलेल्या असतात: आधी पोटभर रडायची गाणी, मग त्याला विसरायची, शेवटी सावरून उभं राहायची. ही मांडणी मुळीच नवी नाही. इ.स. ९०५च्या सुमाराला राजाज्ञेने संपादित झालेल्या काव्यसंग्रहात प्रेमकवितांचे पाच खंड आहेत आणि त्यांचा क्रम पहिल्या ओढीपासून प्रेम विझेपर्यंत लावलेला आहे.

याच जुन्या काळातली आणखी एक सवय पुढे हजार वर्षं टिकली. पुरुषाने बाईच्या तोंडून बोलायचं. दहाव्या शतकातली एक प्रसिद्ध प्रवासवही एका पुरुष अधिकाऱ्याने स्वतःला बाई म्हणवून लिहिली. वाट बघणारी, टाकून दिलेली बाई हा पुरुष कवींचाही लाडका विषय होता. शाहिरांनी लिहिलेली विरहाची लावणी ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटायला नको.

मला ज्या काळाबद्दल बोलायचं आहे तो साधारण १९६५ ते १९९९चा. १९६५मध्ये चार पुरुषांच्या एका चमूने गायलेल्या गाण्यात क्योतोजवळच्या ओहाराच्या सान्झेन-इन मंदिरात प्रेमाने थकलेली एक बाई एकटीच उभी आहे. १९७२मध्ये तीन विनोदी कलाकारांनी, तिघेही पुरुष, बाईच्या तोंडचं रडगाणं गायलं आणि त्याच्या ३० लाखांहून जास्त तबकड्या खपल्या. १९७५च्या गाण्यातली बाई उत्तरेकडच्या एका खाणावळवजा मुक्कामाच्या जागी थंडीत स्वेटर विणते आहे. ज्याच्यासाठी विणते तो माणूस तो कधीच घालणार नाही, हे तिला माहीत आहे. १९७७च्या गाण्यातली ती टोकियोच्या उएनो स्टेशनातून रात्रीच्या गाडीने निघते, बर्फातल्या आओमोरीला उतरते, होक्काइदोला जाणाऱ्या बोटीत एकटी चढते आणि थंडीने गारठलेले समुद्रपक्षी बघत रडते. १९८८मध्ये समुद्राखालचा बोगदा सुरू झाला आणि ती बोटसेवा बंद पडली. गाणं मात्र आजही गायलं जातं. मन मोडलेल्या बाईने उत्तरेकडेच का जायचं, याचं उत्तर या गाण्यांनीच लोकांच्या मनात तयार केलं.

यांतल्या बऱ्याच गाण्यांना ‘एन्का’ म्हणतात. उच्चार एक, पण पहिलं अक्षर तीन तऱ्हांनी लिहितात. एकाचा अर्थ लोकांपुढे सादर करणं; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजकीय भाषणं गाण्यातून करायचे, तिथला हा शब्द. दुसऱ्याचा अर्थ शृंगार. तिसऱ्याचा अर्थ आत धुमसणारा सल, आणि तो १९७०मध्ये एका कादंबरीकाराने एका तरुण गायिकेचा आवाज ऐकून वापरला. त्या वर्षी तिचे दोन अल्बम पाठोपाठ मिळून ३७ आठवडे खपाच्या यादीत पहिले होते. अनेक एन्कांची चाल ‘योनानुकी’ स्वरांत असते, म्हणजे चौथा आणि सातवा स्वर गाळून. शुद्ध स्वरांत तो आपला भूप होतो. दुःखाच्या गाण्यात गांधार आणि धैवत कोमल होतात, आणि आपल्या कानाला ते दुःख पहिल्याच ओळीत कळतं.

शब्द बहुतेक पुरुषांचेच होते. गाणारी बाई, रडणारी बाई, पण ती काय बोलणार हे ठरवणारा पुरुष. १९७०च्याच दशकात स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या बायका पुढे आल्या आणि प्रेमभंगाचा सूरच बदलला. त्यांच्या गाण्यातली बाई चिडते, स्वतःला तपासते, कधी त्याला विसरूनही जाते. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच आहे. आणि ते किती अवघड होतं, हे १९८६च्या एका गाण्यावरून दिसतं.

त्या गाण्याचं नाव नुसतं ‘स्टेशन’. एका गीतकार-गायिकेने ते तेव्हाच्या एका अतिशय लोकप्रिय तरुण गायिकेसाठी लिहिलं. संध्याकाळचं स्टेशन. ओळखीचा रेनकोट दिसतो आणि तिच्या काळजात धस्स होतं. दोन वर्षांपूर्वी ज्याच्यापासून ती दूर झाली, तोच. ती हाक मारत नाही. शेजारच्या डब्यात चढते, तिथून त्याचा चेहरा बघते आणि तिचे डोळे भरून येतात. आता दोघांचीही वाट बघणारं दुसरं कुणीतरी आहे. तो गर्दीत नाहीसा होतो आणि ती फाटकातून बाहेर येते तेव्हा पाऊस थांबत आलेला असतो.

मधे एक ओळ येते. तुझं मन मला आज पहिल्यांदा कळतंय, असं म्हणून ती पुढे ‘वाताशी दाके’ प्रेम केलं होतं, तेही कळलं, असं म्हणते. ‘वाताशी’ म्हणजे मी, ‘दाके’ म्हणजे फक्त. आता प्रेम कुणी केलं? जपानीत कर्ता कोण, कर्म कोण हे शब्दामागच्या प्रत्ययावरून ओळखायचं, आणि ‘दाके’ लागला की तो प्रत्यय सहज गळतो. क्रियापदावरूनही माणूस कळत नाही. म्हणून ‘फक्त मीच प्रेम केलं होतं’ हाही अर्थ निघतो आणि ‘त्याने फक्त माझ्यावरच प्रेम केलं होतं’ हाही. मराठीत ही संदिग्धता ठेवताच येत नाही. ‘मी’ की ‘माझ्यावर’, तोंड उघडताच ठरवावं लागतं.

पहिल्या गायिकेने ते अगदी दबक्या, जवळजवळ कुजबुजत्या आवाजात गायलं. पुढच्याच वर्षी गीतकार बाईने ते स्वतः गायलं आणि संगीत-संयोजन तिच्या पतीने केलं. १९९४च्या एका संकलनाच्या पुस्तिकेत त्याने लिहिलं की आधीच्या गायिकेने लावलेला अर्थ ऐकून आपण संतापलो होतो आणि म्हणून हे संयोजन स्वतः करण्याची इच्छा झाली. नेमकं काय खटकलं हे त्याने फोडून सांगितलं नाही. श्रोत्यांनी मात्र बोट ‘वाताशी दाके’वरच ठेवलं आणि वाद आजही चालू आहे.

आधीची ओळ ‘तुझं मन’ म्हणते, म्हणून ‘त्याने माझ्यावरच’ हा अर्थ व्याकरणाला आणि गोष्टीला जास्त जुळतो, हे मला मान्य आहे. तरीही त्या तरुण गायिकेवर अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं. तिच्या आवाजातून एकतर्फी प्रेमाची बाई उभी राहत असेल तर तीही त्या ओळीत आहेच. एकटीने झुरलेल्या कितीतरी बायकांनी स्वतःला त्याच आवाजात ओळखलं. बाईने बाईसाठी लिहिलेल्या गाण्याचा बरोबर अर्थ कोणता, हा निवाडा पुन्हा एका पुरुषाच्या लेखणीतून आला, ही गोष्ट मला अजून टोचते.

गाणं ऐकणारीच ते गाणारी झाली ती कराओकेमुळे. १९७१मध्ये कोबेत हे यंत्र भाड्याने मिळू लागलं, पण ते असायचं दारूच्या गुत्त्यांत. बाईच्या विरहाची गाणी तिथे पुरुषच गात. १९८५मध्ये ओकायामात मालवाहू कंटेनरची खोली करून कराओके बॉक्स सुरू झाला आणि मुली मैत्रिणींबरोबर दार लावून गाऊ लागल्या. आता ‘हितोकारा’ म्हणजे एकटीने जाऊन गाणंही रुळलं आहे. रडताना कुणी बघत नाही, हा त्याचा मोठाच आधार.

१९७०मध्ये एन्का गाजवणाऱ्या त्या गायिकेची मुलगी १९९९मध्ये, सोळाव्या वर्षी, पहिला जपानी अल्बम घेऊन आली. ७० लाखांहून जास्त प्रती गेल्या. जपानमध्ये त्याहून जास्त खपलेला अल्बम नाही. त्याचं शीर्षकगीत शेवटच्या चुंबनाला येणाऱ्या सिगारेटच्या चवीपासून सुरू होतं. आईने पुरुषांचे शब्द गायले, मुलीने स्वतःचे लिहिले. एकाच घरात तीस वर्षांच्या आत हा बदल झाला.

त्यानंतरचं सगळं वेगाने झालं. २००२च्या अखेरीपासून मोबाइलवर खऱ्या गाण्याचा तुकडा रिंगटोन म्हणून मिळू लागला आणि प्रेमभंगाची गाणी मुलींच्या खिशात गेली. २०१०च्या एका गाण्यातली मुलगी त्याला भेटायच्या ओढीने थरथरते. त्या थरथरण्याची खूप चेष्टा झाली, पण ती करणाऱ्यांत त्या वयाच्या मुली फारशा नसाव्यात. २०१६ आणि २०२०मध्ये गाजलेल्या दोन गाण्यांत पुन्हा पुरुष गायक बाईच्या तोंडून बोलतो. २०२०चं गाणं तर त्याच गायकाच्या आधीच्या गाण्याचं उत्तर आहे: तिथे सोडून गेलेलीला शोधणारा तो होता, इथे ती बोलते. दोन्ही बाजू त्यानेच लिहिल्या आहेत.