नांगरामागून न आलेला पाऊस

अब्राहम लिंकन यांनी 20 मे 1862 रोजी स्वाक्षरी केलेल्या होमस्टेड कायद्याचा देकार मोहवणारा होता : किरकोळ शुल्क भरून 160 एकर सरकारी जमीन घ्यावी, तिच्यावर घर बांधून पाच वर्षे राहावे, ती कसावी आणि मग मालक व्हावे. (ही जमीन ‘सरकारी’ झाली ती मूळ रहिवासी जमातींकडून करारांनी, करारभंगांनी आणि बळाने घेतल्यामुळे.)

कायद्याने एकर मोजले, पाऊस मोजला नाही. पूर्वेकडच्या ओलसर मुलखात 160 एकरांवर कुटुंबाचे भागत असे; परंतु नेब्रास्का, कॅन्सस आणि डाकोटा यांतून जाणाऱ्या 100 अंश पश्चिम रेखावृत्ताच्या पलीकडे वर्षाला साधारणपणे 20 इंचांहून, म्हणजे सुमारे 500 मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो, कारण पॅसिफिकवरून येणारे बाष्प रॉकी पर्वतरांगांत अडते आणि मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा इथवर कमीच पोहोचते. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी 1878 च्या अहवालात हा कोरडेपणा मांडून, तेथे गुरे पाळणाऱ्या कुटुंबाला 2,560 एकर लागतील असे बजावले होते.

लोकांना मात्र दुसराच सिद्धान्त पटला. नेब्रास्का विद्यापीठातील सॅम्युएल ऑगी यांच्या मते नांगरलेली जमीन स्पंजासारखी पाणी शोषून ते हळूहळू हवेत सोडते, त्यामुळे शेतीबरोबर पाऊसही वाढतो; चार्ल्स डाना विल्बर यांनी त्याचे ‘पाऊस नांगरामागून येतो’ असे सुटसुटीत वाक्य केले. वस्ती वाढण्याच्या काळातच काही वर्षे पाऊस चांगला झाला आणि योगायोगाला पुराव्याचा मान मिळाला. जमिनी विकायला बसलेल्या रेल्वे कंपन्यांनाही हे विज्ञान सोयीचेच होते.

झाडे विरळ असल्याने वसाहतकऱ्यांनी गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली माती विटांसारखी कापून घरे रचली. ती हिवाळ्यात उबदार राहत, पावसात मात्र छतातून चिखल ठिबके. लाकडाअभावी चुलीत बायसनचे वाळलेले शेण जळे. 1874 मध्ये टोळांच्या थव्यांनी उभी पिके फस्त केली, आणि 1890 च्या दशकातील अवर्षणात पश्चिम कॅन्सस व नेब्रास्कातून हजारो कुटुंबे घरदार सोडून परतली.

कायदा हळूहळू शहाणा झाला. 1909 मध्ये कोरडवाहू जमिनीसाठी मर्यादा 320 एकर झाली, 1916 मध्ये गुरांच्या कुरणांसाठी 640 एकर. म्हणजे पॉवेल यांनी 38 वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्याचा चौथा हिस्सा.