मुंबईतील शाश्वत शेती

जमिनीचा कस, पाणी आणि परिसरातील जीवसृष्टी यांची झीज न होता वर्षानुवर्षे पीक घेता यावे, अशा बेताने केलेल्या शेतीला शाश्वत शेती म्हणतात. मुंबईत आरे वसाहतीतील आदिवासी पाडे, गोराई-मनोरीची भातखाचरे, लोहमार्गालगतचे भाजीचे पट्टे आणि इमारतींच्या गच्च्या अशा विखुरलेल्या ठिकाणी शेती होते. ती शाश्वत आहे की नाही, हे केवळ रासायनिक खत टाळल्यावरून ठरत नाही. वाफ्यात येणारे पाणी कुठले आणि शहराचा ओला कचरा जातो कुठे, हे आधी पाहावे लागते.

लोकलच्या खिडकीतून दिसणारे पालक, लाल माठ, मुळा आणि भेंडीचे वाफे हे या शेतीचे सर्वांत परिचित रूप होय. रेल्वेने ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली आपली मोकळी जमीन कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी दिली. त्यामुळे अतिक्रमण टळते, पाऊस मुरायला उघडी माती राहते आणि भाजी दूरवरून आणण्याचे इंधन वाचते. मात्र अनेक ठिकाणी शेजारच्या नाल्याचे पाणी पंपाने उपसून वाफ्यांत सोडले जाते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद या पोषक द्रव्यांमुळे भाजी तरारून येते, परंतु त्याच पाण्यातून रोगजंतू आणि कारखान्यांतील जड धातूही मातीत उतरतात. पालेभाज्या कॅडमियम सहज शोषतात आणि पानांच्या आत गेलेला धातू धुऊन निघत नाही. म्हणून एक ग्रॅमही युरिया न घातलेली अशी भाजी शाश्वत म्हणता येत नाही. प्रक्रिया केलेले पाणी मिळेपर्यंत त्या जागी फुलझाडे किंवा शोभेची रोपे लावणे अधिक सुरक्षित ठरते.

कचऱ्याचा प्रश्न गच्चीवरील शेतीशी थेट जोडलेला आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. ढिगाखाली हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरली जाते. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर पूर्व उपनगरांना कित्येक दिवस सोसावा लागला. भाजीची देठे, साली आणि रसवंतीवरची उसाची चिपाडे जागीच हवेशीर कुजवली, तर तेवढा मिथेन टळतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली बाग याच तत्त्वावर वाढली.

अशा बागांमागे श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१) यांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाची शिकवण आहे. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ दहा लिटर पाण्यात कालवून तीन दिवस ठेवतात, मग त्यात दहापट पाणी मिसळून ते अमृतजल म्हणून वापरतात. त्यात भिजवलेला वाळका पाला थरांनी रचून कुजवला की हलकी, भुसभुशीत अमृतमाती तयार होते. ती साध्या मातीपेक्षा हलकी असल्याने गच्चीवर भार कमी पडतो. उणीव पाण्याची आहे. टाकीतून येणारे पिण्याचे पाणी भातसासारख्या दूरच्या धरणांतून आणलेले असते. ते कुंड्यांना सढळ हाताने घालणे परिसराच्या दृष्टीने महाग पडते. पालापाचोळ्याचे आच्छादन आणि भाज्या धुतलेल्या पाण्याचा फेरवापर या दोन गोष्टी म्हणूनच अनिवार्य मानाव्यात.

खाडीकाठची भातशेती याहून जुनी आहे. मातीचा बांध घालून आणि भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी उघाडी बसवून खारे पाणी रोखले जाते. जून-जुलैच्या पावसाने जमिनीतील क्षार धुतले गेले की खारे सोसणारा भात लावतात. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने अशा जमिनींसाठी ‘पनवेल’ मालिकेतील वाण दिले. बांधाबाहेरची तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, लाटांचा जोर मोडतात, त्यामुळे कांदळवन तुटले की बांधही टिकत नाही.

भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची कोकणातील रीत मात्र परिसराला जड जाते. पालापाचोळा आणि शेण पसरून जाळल्याने तणांचे बी मरते, पण नत्र धुरात जाते आणि पाल्यासाठी झाडे ओरबाडली जातात. शिवाय चिखलणीने, म्हणजे पाणी भरलेले खाचर नांगरून चिखल केल्याने, मातीची घडण मोडते आणि तुंबलेल्या पाण्यातून मिथेन सुटतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात राब, चिखलणी आणि लावणी तिन्ही गळतात. गादीवाफ्यावर थेट बी टोचतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू देतात. तथापि नांगरट नसल्याने तण आवरण्यासाठी तणनाशक वापरले जाते, त्यामुळे ही पद्धत सेंद्रिय शेतीत मोडत नाही.