उबवण माध्यमाचे निर्जंतुकीकरण (सरीसृपांची अंडी)

साप, पाली, कासवे इत्यादींची अंडी इन्क्युबेटरमध्ये ज्या ओलसर भरावात (माध्यमात) ठेवतात, त्यातील बुरशी व जिवाणू उष्णतेने मारण्याची क्रिया. भरावासाठी व्हर्मिक्युलाइट व परलाइट (उष्णतेने फुलवलेले खनिज पदार्थ), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व स्फॅग्नम शेवाळ वापरतात. पहिले दोन पदार्थ बागकामातून या क्षेत्रात आले असावेत. १९८०च्या दशकात गॅरी व मेरी पॅकार्ड या संशोधकांनी अमेरिकेत कासवांच्या अंड्यांवर केलेल्या प्रयोगांत व्हर्मिक्युलाइटमधील पाण्याचे प्रमाण काटेकोर मोजले जाई.

निर्जंतुकीकरण आवश्यक आहे का, याविषयी मतभेद आहेत. व्हर्मिक्युलाइट व परलाइट कारखान्यात अतिउच्च तापमानाला फुलवतात, म्हणून बंद पिशवीतील नवा माल तसाच वापरण्यास हरकत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कोकोपीट, शेवाळ आणि पुन्हा वापरायचा भराव मात्र तापवावा.

ओलसर माध्यम ८० अंश से.ला अर्धा तास राहिल्यास बहुतेक बुरशी मरतात. जिवाणूंच्या बीजाणूंसाठी (उष्णतेला सहज न मरणाऱ्या सुप्त रूपांसाठी) १२१ अंश से.ची ओली उष्णता किमान १५ मिनिटे लागते. घरी प्रेशर कुकर त्याच्या जवळपास पोहोचतो. कोरडे माध्यम वजन करून किंचित ओलवावे, उथळ भांड्यात ४–५ सेंमी.पेक्षा जाड न भरता वर फॉइल सैल झाकावी व भांडे पाण्याच्या वर जाळीवर ठेवावे. शिट्टी बसवण्यापूर्वी काही मिनिटे वाफ मोकळी सोडावी. आत हवा अडकली तर दाब दिसतो पण तापमान गाठले जात नाही. मग मंद आचेवर ३० मिनिटे ठेवावे. शिट्ट्या मोजून वेळ कळत नाही. कुकर आपोआप थंड होऊ द्यावा. ओव्हनमध्ये कोरडे शेवाळ व कोकोपीट करपतात, पेटूही शकतात. ब्लीच डबे धुण्यास ठीक, पण माध्यमात त्याचा अंश उरतो.

सर्वाधिक नुकसान मात्र बुरशीने नव्हे, तर पाण्याचा हिशेब चुकल्याने होते. वाफवलेले माध्यम पाणी शोषते. ते कोरडे समजून पुन्हा वजनाइतके पाणी घातले की चिवट कवचाची अंडी फुगतात आणि भ्रूण गुदमरतो. व्हर्मिक्युलाइटसाठी वजनाने १:१ हे प्रमाण रूढ आहे. उदा., २०० ग्रॅ. कोरडे माध्यम वाफवल्यावर २६० ग्रॅ. भरले, तर एकूण ४०० ग्रॅ. होण्यासाठी उकळून गार केलेले १४० ग्रॅ. पाणीच घालावे. परलाइट कमी पाणी धरते, म्हणून तेथे हे प्रमाण जसेच्या तसे लावू नये. अंडी ठेवण्यापूर्वी माध्यम उबवणीच्या तापमानाला आणावे.

जंतुविरहित स्थिती अंडी ठेवेपर्यंतच टिकते, कारण कवचावरूनही बीजाणू येतात. बुरशी बहुधा अफलित वा मृत अंड्यावर प्रथम वाढते व शेजारी पसरते. असे अंडे सुटे असल्यास काढावे. चिकटलेले असल्यास ओढू नये, जिवंत अंड्याचे कवच फाटते.

भारतात स्थानिक रक्षित सरीसृपांची अंडी बाळगणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली परवान्याविना गुन्हा ठरतो.