मार्स मॉडिफिकेशन (हौशी रेडिओ)

हौशी रेडिओ संच कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हा तो फक्त हौशी पट्ट्यांतच (हौशी चालकांसाठी राखलेल्या वारंवारतांतच) प्रक्षेपण करेल अशी व्यवस्था केलेली असते. ही अटकाव-व्यवस्था काढून, पट्ट्यांबाहेरच्या लष्करी वारंवारतांवरही संच बोलू शकेल असा बदल करण्याला हॅम मंडळी (हौशी रेडिओचालक) ‘मार्स मॉडिफिकेशन’ किंवा नुसते ‘मार्स मॉड’ म्हणतात. मंगळ ग्रहाशी किंवा युद्धदेवतेशी या नावाचा संबंध नाही. ‘मिलिटरी ऑक्झिलरी रेडिओ सिस्टिम’ या अमेरिकी स्वयंसेवी संघटनेच्या आद्याक्षरांवरून ते पडले. अमेरिकी हवाई दलाची नागरी साहाय्यक संघटना ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ (कॅप) हिच्यासाठीही तोच बदल लागे, म्हणून जुन्या कागदपत्रांत ‘मार्स/कॅप मॉड’ असा जोडशब्द आढळतो.

आजच्या संचात हा बदल बहुधा मोहरीएवढा एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) उपटण्याइतका किरकोळ असतो. नोंद लांबते ती त्या डायोडामागच्या इतिहासामुळे आणि तो उपटल्यावर उभ्या राहणाऱ्या प्रश्नांमुळे.

संघटना

अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअर या संदेशवहन विभागाने 1925 मध्ये ‘आर्मी अमॅच्युअर रेडिओ सिस्टिम’ सुरू केली. तिच्यामागे कॅप्टन थॉमस राइव्ह्ज यांचा पुढाकार होता. नागरी हौशी चालकांना लष्करी संदेशपद्धतीची सवय लावावी आणि अडीअडचणीला त्यांचे जाळे हाताशी असावे, एवढाच हिशेब. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि हौशी प्रक्षेपणच थांबवण्यात आले, म्हणजे ज्या प्रसंगासाठी जाळे विणले तो प्रसंग येताच ते गुंडाळले गेले. युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले. 1948 मध्ये लष्कर आणि हवाई दल यांच्यासाठी नवी रचना आली, 1960 च्या दशकाच्या आरंभी नौदल आणि मरीन कोअर यांची शाखा निघाली. दीर्घकाळ नावातला मधला शब्द ‘अफिलिएट’ होता. तो 2009 मध्ये ‘ऑक्झिलरी’ झाला. नौदलाची शाखा 2015 मध्ये बंद पडली. लष्कराची शाखा ॲरिझोनातील फोर्ट वाचुका येथून आणि हवाई दलाची इलिनॉयमधील स्कॉट तळावरून चाले.

सर्वसामान्य अमेरिकी माणसाला मार्स आठवते ती व्हिएतनाम युद्धामुळे. सैनिकाने तळावरच्या मार्स केंद्रातून बोलायचे, लघुलहरींवरून तो आवाज अमेरिकेतल्या एखाद्या सदस्याच्या घरी पोचायचा, आणि तो सदस्य ‘फोन पॅच’ नावाच्या जोडणीने आपला रेडिओ टेलिफोनच्या तारेला जोडून सैनिकाच्या घरचा फोन लावून द्यायचा. एका वेळी एकानेच बोलायचे असल्याने प्रत्येक वाक्यानंतर ‘ओव्हर’ म्हणणे भाग होते. त्यामुळे बायकोला ‘तुझी आठवण येते, ओव्हर’ असे सांगावे लागे, तेही मधला चालक कान देऊन ऐकत असताना, कारण बटण त्याला दाबायचे असे. 1964 ची अध्यक्षीय निवडणूक लढवलेले सिनेटर बॅरी गोल्डवॉटर हे हौशी चालक होते. त्यांची संज्ञा (कॉल साइन) के7यूजीए. ॲरिझोनातील त्यांच्या घरचे केंद्र स्वयंसेवकांच्या पाळ्या लावून असे फोन जोडून देण्यासाठी प्रसिद्ध होते.

क्रिस्टलपासून डायोडपर्यंत

हौशी यंत्र लष्कराच्या कामी लावण्याची कल्पना मार्सहून जुनी आहे. हॅलिक्राफ्टर्स कंपनीचा एचटी-4 हा श्रीमंत हौशींसाठी बनवलेला प्रेषक होता. दुसऱ्या महायुद्धात त्यालाच थोडे मजबूत करून बीसी-610 हे लष्करी नाव मिळाले आणि तो ट्रकवर चढला. युद्ध संपल्यावर प्रवाह उलटा फिरला. लष्कराची शिल्लक यंत्रे कवडीमोलाने बाजारात आली, मार्सच्या सदस्यांना तर काही संघटनेमार्फतच मिळाली. विमानातील ‘कमांड सेट’ हा रेडिओ घरी आणून, त्याचा 28 व्होल्टवर चालून जास्त व्होल्टची वीज देणारा डायनामोटर काढून, घरच्या विजेवर चालणारा पुरवठा जोडून तो 40 किंवा 80 मीटर तरंगलांबीच्या हौशी पट्ट्यावर आणणे हा त्या पिढीचा शनिवार-रविवारचा उद्योग. अवजार हातात धरण्याची जी सवय पुढे मार्स मॉडला उपयोगी पडली, ती इथे लागली असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतरच्या काळातला नमुनेदार संच म्हणजे आयोवातील कॉलिन्स कंपनीचा केडब्ल्यूएम-2. तो 1959 मध्ये आला. त्यात वारंवारता ठरवणारा एकेक क्रिस्टल 200 किलोहर्ट्झचा तुकडा उघडून देत असे आणि 14 क्रिस्टलांची जागा होती. हौशी पट्ट्यांपुरती ती पुरे. मात्र केडब्ल्यूएम-2ए या भावंडात आणखी 14 क्रिस्टलांची दुसरी पाटी बसवलेली होती, म्हणजे हव्या त्या लष्करी वारंवारतेसाठी योग्य क्रिस्टल मागवून खोचला की काम झाले. व्हिएतनाममधल्या मार्स केंद्रांत हाच संच सर्रास दिसे. इथे ‘मॉड’ हा शब्दही जड वाटतो. नवा क्रिस्टल म्हणजे कुलपाला नवी किल्ली.

1980 च्या आसपास हवी ती वारंवारता घडवणारे संश्लेषक (सिंथेसायझर) आणि सूक्ष्मप्रक्रियक (मायक्रोप्रोसेसर) आले आणि चित्र पालटले. आता संच मुळातच 30 मेगाहर्ट्झपर्यंतची कोणतीही वारंवारता निर्माण करू शकत होता, त्याचा ऐकणारा भागही (रिसीव्हर) अखंड पट्टा ऐकत असे. प्रक्षेपण मात्र मुद्दाम अडवलेले. ही अडवणूक सहसा डायोडांच्या एका जाळीने होते. संच चालू होताना प्रक्रियक त्या जाळीकडे पाहतो: इथे डायोड आहे, तिथे नाही, म्हणजे मी अमेरिकेसाठीचा संच, दुसऱ्या ठिकाणी बदल दिसला म्हणजे युरोपसाठीचा. एकाच कारखान्यातून जगभरच्या बाजारपेठांसाठी एकच पाटी (सर्किट बोर्ड) निघते आणि देश ठरतो तो शेवटी. मार्सची सोय हे याच जाळीतले एक घर. काही संचांत डायोडऐवजी चिमुकला रोधक असतो. काही हातसंचांत बॅटरीच्या खणाजवळ रंगीत तारेचा छोटा फास ठेवलेला असतो, तो कापायचा. याएसू या जपानी कंपनीच्या एफटी-817 मध्ये पुढच्या पॅनेलच्या मागे सोल्डरचे जंपर आहेत, ते जोडणे-तोडणे यावर प्रदेश ठरतो. अलीकडच्या काही संचांत तर हत्याराचे काम उरलेलेच नाही; सॉफ्टवेअरमध्ये संकेत भरला की झाले.

हाताने करायचे असेल तर धोका डायोडात नसतो, वाटेत असतो. जपानी संचांचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात नीट बसत नाही आणि दोन प्रयत्नांत डोके झिजते. पॅनेलला जोडणारी रिबन केबल ओढली की तुटते. पृष्ठभागावर बसवलेला डायोड एक-दीड मिलिमीटरचा. जाड टोकाच्या सोल्डरिंगने तो काढताना शेजारचे दोन घटकही सोबत येतात. तो फेकू नये, कागदाला चिकटवून संचाच्या पुस्तिकेत ठेवावा असा जाणत्यांचा सल्ला असतो. बदल केल्यावर बहुतेक संचांत प्रक्रियक रीसेट करावा लागतो आणि साठवलेल्या सगळ्या वारंवारता पुसल्या जातात, ही गोष्ट बहुतेकांना नंतर कळते.

डायोड काढल्यावर

संच पट्ट्याबाहेर बोलू लागला, पण तो तिथे चांगले बोलेल याची हमी डायोड देत नाही. प्रेषकामागची गाळणी (फिल्टर) हौशी पट्ट्यांना बेतून ठेवलेली असते. समजा, एका गाळणीचा जबाबदारीचा टप्पा 2 ते 4 मेगाहर्ट्झचा आहे आणि ती साडेचारच्या वर अडवते. 80 मीटर पट्ट्यावर 3.7 मेगाहर्ट्झला बोलले तर दुसरी संवादी वारंवारता, म्हणजे मूळच्या दुप्पट, 7.4 ला पडते आणि अडते. बदललेल्या संचाने 2.1 ला प्रक्षेपण केले तर तीच 4.2 वर पडते आणि गाळणीतून थेट अँटेनाकडे जाते. संच उत्तम चालतो असे चालकाला वाटते, आणि 4.2 वर दुसऱ्याच कुणाच्या कानात तो ओरडत असतो. दोन मीटरच्या संचात वेगळी अडचण: पट्ट्यापासून फार दूर गेले की वारंवारता निर्माण करणाऱ्या आंदोलकाची पकड सुटते आणि प्रक्षेपणच बंद होते. म्हणून जाणकार बदलानंतर संच प्रथम डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या रोधकावर) लावून, जमले तर वर्णपट-विश्लेषकावर पाहून मगच अँटेना जोडतात.

लष्करी जाळ्याला अचूकताही जास्त लागते. हौशी गप्पांत पन्नास हर्ट्झ इकडेतिकडे झाले तर बोलणारा डायल किंचित फिरवून घेतो. ठरवून दिलेल्या चॅनलवर, विशेषतः डेटा पाठवताना, तसे चालत नाही. म्हणून मार्सचे सदस्य संचात तापमान-भरपाई केलेला आंदोलक बसवतात. दशलक्षात अर्धा भाग इतकी त्याची चूक धरली तर 14 मेगाहर्ट्झवर फरक 7 हर्ट्झांचा पडतो.

खरा ताण डेटाने आणला. अमेरिकी लष्कराच्या मिल-एसटीडी-188-110 या मानकातील एकस्वरी मोडेमचा उपवाहक 1800 हर्ट्झवर असतो आणि सिग्नल साधारण 300 ते 3300 हर्ट्झ एवढी जागा व्यापतो. हौशी संचाची आवाजासाठीची गाळणी 2.4 किलोहर्ट्झची. दोन्ही कडा कापल्या गेल्या की मोडेम अडखळतो. ज्यांनी डायोड काढून मार्स मॉड झाले असे मानले होते, त्यांना आता अधिक रुंद गाळणी शोधावी लागली. शिवाय आवाजासाठी 100 वॅटचा म्हणून विकलेला संच सलग डेटा पाठवताना तापतो. त्याची शक्ती निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणणे हाच उपाय.

परवानगी

या विषयावरचा सगळा गोंधळ एकाच चुकीच्या समजुतीतून येतो: डायोड काढला म्हणजे परवानगी मिळाली. अमेरिकेत हौशी प्रेषकाला सरकारी प्रमाणन लागत नाही आणि परवानाधारकाने आपला संच उघडून त्यात बदल करणे कायदेशीर आहे. मार्सच्या वारंवारता मात्र हौशींचे नियमन करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या अखत्यारीत नाहीत. त्या केंद्र सरकारच्या वापरासाठी राखलेल्या असून त्यांचा कारभार एनटीआयए ही वेगळी सरकारी संस्था पाहते. तिथे बोलायचे तर मार्सचे सदस्यत्व, तिथली वेगळी संज्ञा आणि त्या जाळ्याची परवानगी लागते. हौशी संज्ञा तिथे चालत नाही. म्हणून अधिकृत विक्रेते संच बदलून देण्याआधी मार्स किंवा कॅपच्या कागदाची प्रत मागत. प्रत्यक्षात हा बदल करून घेणाऱ्यांपैकी अनेकांचा मार्सशी काहीएक संबंध नसतो, आणि नाव तेवढे लष्कराचे लागते.

पोलिस, बोटी, कुटुंबांसाठीचे एफआरएस-जीएमआरएस हातसंच यांच्या वारंवारतांवर उघडलेला हौशी संच वापरता येत नाही, कारण त्या सेवांसाठी प्रमाणित यंत्रच लागते. ‘आणीबाणीत सगळे चालते’ हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. अमेरिकी हौशी नियमांत जीवितरक्षणासाठी हाताशी असलेले कोणतेही साधन वापरण्याची मुभा खरोखर आहे, पण तिचा आधार घेऊन आधीपासून पोलिसांच्या वाहिनीवर संच लावून बसणे हा वेगळा प्रकार होतो.

भारतात मार्ससारखी व्यवस्था नाही. तरी इथल्या हॅमना हा शब्द चांगला परिचित आहे, कारण परदेशातून आलेला किंवा हातोहात फिरलेला संच ‘ओपन’ आहे का, हा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो. अमेरिकेत दोन मीटरचा पट्टा 144 ते 148 मेगाहर्ट्झ, भारतात 144 ते 146. 40 मीटरचा तिकडे 7.3 पर्यंत, इथे 7.2 पर्यंत. म्हणजे अमेरिकेसाठी बनवलेला संच मुळात न उघडताही भारतीय पट्ट्याबाहेर बोलू शकतो. मुंबई-पुण्यातल्या परवानाधारकाला सीमा सांभाळायची ती स्वतःच्या डोळ्याने, डायल बघून. 2004 च्या सुनामीनंतर अंदमानातून भारतीय हॅमनी जो संपर्क टिकवला, तो हौशी पट्ट्यांवरच होता.

उतरती कळा

सिव्हिल एअर पेट्रोलचे 148.150 मेगाहर्ट्झ हे रिपीटरचे (सिग्नल पकडून पुन्हा पुढे पाठवणाऱ्या केंद्राचे) ठिकाण दोन मीटर पट्ट्याच्या अगदी कडेला होते, त्यामुळे बदललेला हौशी संच हे सदस्यांचे स्वस्तातले उत्तर. सरकारी वापरासाठी अरुंद पट्ट्याची आणि शुद्ध सिग्नलची सक्ती आल्यावर ते संच नियमात बसेनात आणि संघटनेने व्यावसायिक यंत्रे पुरवली. मार्समध्ये लघुलहरींवर हौशी संच अजून चालतात, पण हौशींशी गाठ घालण्यासाठी आता डायोड काढावाच लागतो असे नाही. 60 मीटर पट्ट्यावर सरावाच्या वेळी मार्सची केंद्रे साध्या हौशींशी बोलतात. आणि दर मे महिन्यात सशस्त्र सेना दिनाच्या निमित्ताने होणाऱ्या क्रॉसबँड चाचणीत लष्करी केंद्र आपल्या वारंवारतेवरून हाक देते. हौशी चालक ती ऐकतो आणि आपल्या पट्ट्यात राहूनच उत्तर देतो. डायोडाची अडवणूक फक्त बोलण्याला असते, ऐकण्याला नाही, त्यामुळे त्या दिवशी डायोड जागेवर असलेला संचही पुरतो.