उतरंड आणि उपशीर्षक: पानावरची दोन वेगळी कामं

सांगलीत डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडायच्या टेबलावर बसलं की दिवसातून एकदा तरी ऐकू येतं, "मथळे जरा मोठे करा, म्हणजे पत्रक उठून दिसेल." या एका वाक्यात दोन कामं मिसळलेली असतात. नजर आधी कुठं जावी, मग कुठं, शेवटी कुठं, हे ठरवणं पहिलं काम. त्याला व्हिज्युअल हायरार्की म्हणतात. मी दृश्य उतरंड म्हणतो. खालच्या मजकुरात काय आहे ते चार शब्दांत सांगणं हे दुसरं काम, ते उपशीर्षकाचं. दोन्ही बहुतेकदा मोठ्या, ठळक अक्षरांत भेटतात, म्हणून गफलत होते.

माझीही झाली. २०१९ च्या महापुरानंतर गल्लीतल्या घरांसाठी मी एक पानी पत्रक केलं. कृष्णेची पातळी आपल्याकडे आयर्विन पुलाजवळ मोजतात. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पत्रकात हे होतं, शिवाय औषधं, कागदपत्रं, वीज, जनावरं, सगळं होतं. उपशीर्षकं चार: ‘महत्त्वाची माहिती’, ‘सूचना’, ‘खबरदारी’, ‘इतर’. चारही लाल, चारही एकाच मापाची. शेजारच्या काकूंनी कागद वरून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "पाणी किती झालं की निघायचं रे, ते कुठं लिहिलंयस?"

ते सातव्या ओळीत होतं.

उपशीर्षकं होती, उतरंड नव्हती. मग मी ४० आणि ४५ हे आकडे पानाच्या माथ्यावर तळहाताएवढे केले. आता उतरंड आली, पण काकूंचं काम अर्धंच झालं. ४५ दिसल्यावर करायचं काय, ते ‘सूचना’त आहे की ‘खबरदारी’त, हे कळायला दोन्ही वाचावं लागत होतं. तिथं माप वाढवून उपयोग नव्हता, शब्दच बदलायला हवे होते. ‘४० फुटांवर काय काय माळ्यावर चढवायचं’, ‘४५ च्या आधी कुठं जायचं’, ‘पिशवीत कोणती कागदपत्रं घ्यायची’. आणि एक उपशीर्षक मुद्दाम घातलं: ‘सखल भागातल्यांनी ४० ची वाट पाहू नये’. पुलाजवळचा आकडा म्हणजे आपल्या उंबऱ्यावरचं पाणी नव्हे, हे खालचा परिच्छेद न वाचणाऱ्यालाही कळायला हवं होतं.

दोन्ही कामं तपासायची रीत वेगळी आहे. उतरंड पाहायची तर कागद हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. शब्द पुसट होतील, तरीही आधी काय आणि नंतर काय हे दिसत असेल तर उतरंड आहे. उपशीर्षकं तपासायची तर ती तेवढीच कोऱ्या वहीत एकाखाली एक उतरवा. माप गेलं, रंग गेला, आणि तरीही पत्रकाचा सारांश हाती लागला तर उपशीर्षकं चांगली. हळदीच्या दुकानाच्या फ्लेक्सला पहिलीच चाचणी पुरे. त्यावर उपशीर्षकं कोंबणं मला पटत नाही.

देवनागरीत हे जरा जास्त जपून करावं लागतं. इंग्रजी पत्रकात उपशीर्षक सगळं मोठ्या लिपीत टाकलं की माप तेच ठेवूनही ते वेगळं दिसतं. आपल्याकडे मोठी लिपी, लहान लिपी असा भेदच नाही. तिरकं अक्षरही आपल्या लिपीच्या वळणातलं नाही. अधोरेखा ओढली तर ती उकाराला आणि ऋकाराला कापते. राहतं काय? माप, जाडी, रंग आणि मोकळी जागा. जाडीलाही मर्यादा आहे: लहान मापात फार जाड केलं की ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ज्ञ’ यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात आणि अक्षर डागासारखं दिसतं. ‘मुक्त’ या फाँटला सात जाड्या आहेत. उपशीर्षकाला मी सगळ्यात जाड घेत नाही, एकदोन पायऱ्या खालची घेतो.

मोकळी जागा मात्र सगळ्यात भरवशाची, आणि तिच्याकडेच कोणी पाहत नाही. उपशीर्षकाच्या वर जितकी जागा, त्याच्या निम्मी खाली ठेवावी. दोन्हीकडे सारखी ठेवली तर उपशीर्षक दोन परिच्छेदांच्या मध्ये लोंबकळतं, वरच्याचं की खालच्याचं ते कळत नाही.

संगणकावर तर हा फरक अगदी उघडा पडतो. वर्डमध्ये ओळ निवडून बोल्ड केली की डोळ्याला उपशीर्षक दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती साधी ओळच राहते. ‘हेडिंग २’ ही स्टाइल दिली तरच ते खरं उपशीर्षक. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणारी अंध व्यक्ती वेबपानावर एच हे बटण दाबत मथळ्यावरून मथळ्यावर जाते. नुसत्या बोल्ड ओळीवर ती थांबतच नाही.

पुढं ते पत्रक गल्लीगल्लीत झेरॉक्स होऊन गेलं, आणि लाल रंग पहिल्याच प्रतीत काळा झाला. तळहाताएवढे आकडे टिकले, शब्द टिकले, मोकळी जागा टिकली. तेव्हापासून कुठलंही पत्रक छपाईला देण्याआधी त्याची एक काळी झेरॉक्स काढून दोन्ही चाचण्या मी तिच्यावरच घेतो.